आवाज कुणाचा?

प्रस्तावना

१९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं. ती मालिका जपानी आहे, निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ साली केलेली आहे, याचा पत्ता बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांना असेल. पण शेरखान पडद्यावर येऊन एक वाक्य बोलला, की घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं, हा नाना पाटेकर! मुरूड-जंजिऱ्याच्या नटाने जपानी वाघाला हिंदीत गुरगुरायला लावलं होतं आणि देशभर त्याची ओळख पटत होती. मग बघीरा कोण होता? बल्लू कोण? खुद्द मोगलीचा आवाज कुणाचा? तेव्हा कुणी विचारलं नाही आणि आज विचारलं तर सांगणारे बोटांवर मोजण्याइतके निघतील. नाना आधीपासून नट म्हणून माहीत होते, म्हणून त्यांच्या आवाजाला चेहरा मिळाला. बाकीच्यांनी तेवढंच काम केलं, कदाचित जास्तच केलं, आणि मालिका संपल्यावर ते ज्या वाटेने आले त्या वाटेने परत गेले.

‘आवाज कुणाचा?’ ही आरोळी आपल्याकडे एकांकिका स्पर्धांपासून राजकीय सभांपर्यंत सगळीकडे दुमदुमते. तिचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, ते सगळ्यांनी मिळून ओरडायचं असतं. या पुस्तकाच्या लेखिकेने मात्र तो खराखुरा प्रश्न समजून विचारला आणि उत्तरं गोळा करत ती मुंबईतल्या स्टुडिओंपासून आकाशवाणीच्या निवृत्त कलाकारांच्या दिवाणखान्यांपर्यंत फिरली. केवळ आवाजावर जगलेल्या माणसांचं आयुष्य आणि कारकीर्द, हा तिचा विषय. मराठीत गायकांवर कपाटं भरतील इतकं लिहून झालं आहे. बोलणाऱ्या आवाजांवर लिहिलेलं शोधायला गेलं तर चार-दोन आठवणींचे लेख, श्रद्धांजल्या आणि दिवाळी अंकांतल्या मुलाखती हाती लागतात. हे पुस्तक त्या रिकाम्या फळीवर ठेवायचं आहे.

या विषयात नव्याने येणाऱ्याची पहिली समजूत अशी असते, की ज्याचा गळा गोड किंवा आवाज भारदस्त, तो आवाजाचा कलाकार. स्टुडिओत पाऊल टाकलं की ती समजूत गळून पडते. अंधेरी पश्चिम किंवा वर्सोव्याच्या एखाद्या इमारतीत, लिफ्टच्या आवाजापासून लांब, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी खोली. भिंतींना फोम. समोर माईक, त्याच्यापुढे ‘प’ आणि ‘फ’चा फुत्कार अडवणारी जाळी, शेजारी संहितेचा स्टँड, वर पडदा आणि पडद्याच्या कोपऱ्यात पळणारा टाइमकोड. कानात हेडफोन, हेडफोनमध्ये मूळ नटाचा आवाज. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि डबिंग डायरेक्टर. कडक इस्त्रीचा कुडता घालून आलं तर तो करकरतो, बांगड्या बाहेर काढून ठेवाव्या लागतात आणि सकाळी काही न खाता आलं तर माईक पोटातलंही ऐकतो. तोंड कोरडं पडून बारीक ‘टिक टिक’ यायला लागली, की कुणीतरी हिरव्या सफरचंदाची फोड पुढे करतं. हा या धंद्यातला घरगुती इलाज.

मग सुरू होतात लूप. एक वाक्य किंवा अर्धं वाक्य घ्यायचं, पडद्यावर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि ओठ बसवायचे. ओठ बसणं म्हणजे नेमकं काय, ते ‘प, फ, ब, भ, म’ या पाच अक्षरांत आहे. ही उच्चारताना ओठ मिटतात. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटले आणि तुमच्या वाक्यात तिथे ‘आ’ असेल, तर प्रेक्षकाला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलं हे कळतं. म्हणून संहिता लिहिणारा त्या जागी ‘म’कार-‘ब’कारवाला शब्द शोधतो. तो त्याला सापडला नाही तर माईकपुढचा कलाकार उभ्याउभ्या शोधतो. हे चालू असताना रागही दिसला पाहिजे, श्वासही मूळ नटाच्या श्वासावर पडला पाहिजे. सगळे संवाद झाले की शेवटी ‘एफर्ट्स’ घेतात, म्हणजे पडणं, मार खाणं, धापा टाकणं, किंचाळणं. ते शेवटी एवढ्यासाठीच, की त्यानंतर गळा दुसऱ्या कामाचा उरत नाही. हे काम पाहिल्यावर त्याला कुणी ‘आवाज देणं’ म्हणालं की मला जरा रागच येतो. पाहुण्याला पाण्याचा पेला द्यावा तितकं ते सोपं वाटतं.

या कलेला व्यवसायाचं, मानाचं आणि भांडून मिळवलेल्या हक्काचं रूप सगळ्यात आधी आणि सगळ्यात पूर्णपणे मिळालं ते जपानमध्ये. म्हणून या पुस्तकात जपान वारंवार येतो, आणि मलाही इथे थोडं थांबावंसं वाटतं. टोकियोचं रेडिओ प्रक्षेपण १९२५च्या मार्चमध्ये सुरू झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक नभोनाट्य झालं. रिचर्ड ह्यूज या इंग्रज लेखकाच्या कोळशाच्या खाणीत घडणाऱ्या नाटकाचं ते जपानी रूप. खाणीत दिवे जातात आणि माणसं अंधारात अडकतात. श्रोत्यांनाही घरातले दिवे मालवून ऐकायला सांगितलं होतं. तिथपासून नाटकवाल्यांचा एक गट माईकपुढचा अभिनय निराळा म्हणून शिकत गेला आणि १९४०च्या दशकात रेडिओने स्वतःची नटमंडळीच तयार करायला घेतली. जपानीत या कलाकाराला ‘सेइयू’ म्हणतात.

पुढे टीव्ही आला, तेव्हा मोठ्या चित्रपट कंपन्यांनी आपले नट टीव्हीला द्यायला नकार दिला. वेळ भरून काढायला वाहिन्यांनी अमेरिकी मालिका आणल्या. त्यांना जपानी आवाज हवे होते. सिनेमातले तारे मिळेनात, म्हणून रेडिओतले आणि रंगभूमीवरचे नट पुढे आले. एका उद्योगाच्या हट्टातून दुसऱ्या कलेचं नशीब असं उघडलं. परदेशी नटाला ठरावीक जपानी आवाज ही पद्धत तिथे इतकी रुजली, की आलाँ दलाँ म्हटलं की जपानी प्रेक्षकाला नोझावा नाची आठवायचे. १९६३च्या पहिल्या दिवशी ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ सुरू झाली आणि कार्टूनचं दार उघडलं.

त्या दारातून आलेल्या दोन बायकांची नावं इथे घ्यायलाच हवीत. ओयामा नोबुयो यांचा आवाज लहानपणी घोगरा होता, शाळेत त्यावरून चिडवायचे. १९७९पासून २००५पर्यंत, सव्वीस वर्षं, त्याच घोगऱ्या आवाजात डोरेमॉन बोलला. २०२४ साली त्या नव्वदाव्या वर्षी गेल्या, तेव्हा जपानभर बातम्यांत डोरेमॉनचं चित्र होतं आणि शेजारी त्यांचा फोटो. दुसऱ्या नोझावा मासाको. जन्म १९३६चा. ‘ड्रॅगन बॉल’मधला गोकू १९८६पासून त्यांचा. त्याचे दोन मुलगे, गोहान आणि गोतेन, तेही त्यांचेच. म्हणजे कित्येक प्रसंगांत बाप आणि पोरं एकमेकांशी बोलतात ती एकच बाई असते. पोराच्या भूमिकेला बाई का, याचं कारण अगदी व्यवहारी आहे. खरा मुलगा घेतला तर दोन-तीन वर्षांत त्याचा आवाज फुटतो आणि मालिका तर वीस वर्षं चालायची असते. आपल्याकडे हिंदी ‘निंजा हातोरी’ला मेघना एरंडे यांचा आवाज लाभला तो याच परंपरेने. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला या उलट सोंगाचं नवल वाटायला नको.

जपानमधला मान आपोआप आलेला नाही. १९७३ साली तिथल्या आवाजाच्या कलाकारांनी काम बंद ठेवलं आणि टोकियोच्या रस्त्यावर मोर्चा काढला. मागणी दोन गोष्टींची होती. मानधन वाढवा आणि कार्यक्रम पुन्हा दाखवलात तर पुन्हा पैसे द्या. मानधन सुमारे तिप्पट झालं. पुनःप्रक्षेपणाचा मोबदला पुढच्या वाटाघाटींतून पदरात पडला. आज तिथे कलाकारांच्या श्रेणी ठरलेल्या आहेत, स्वतंत्र एजन्सी आहेत, प्रशिक्षण शाळा आहेत आणि २००७पासून ‘सेइयू पुरस्कार’ आहेत. नव्वदीनंतर हे कलाकार गाण्यांचे कार्यक्रम करायला लागले, त्यांच्या छायाचित्रांची पुस्तकं निघायला लागली. हे सगळं चांगलंच झालं असं मी म्हणणार नाही. शाळांतून दर वर्षी बाहेर पडणाऱ्यांतले फार थोडे पोट भरू शकतात, आणि दिसण्याशी संबंध नसलेल्या कलेत आता दिसण्याचीही स्पर्धा शिरली आहे. मात्र एक गोष्ट तिथे पक्की झाली. जपानी पोराला आपल्या आवडत्या कार्टूनचा आवाज कुणाचा हे माहीत असतं, कारण पाटीवर पात्राच्या नावासमोर ते नाव लिहिलेलं असतं.

आता आपल्याकडे येऊ. मराठी आवाजांचा इतिहास जपानहून फार धाकटा नाही. मुंबईचं रेडिओ केंद्र १९२७च्या जुलैमध्ये सुरू झालं. रेडिओ घरोघर पोचल्यावर, विशेषतः ट्रान्झिस्टर आल्यावर, मराठी घरांत जी माणसं न दिसता राहायला आली त्यांत ‘पुन्हा प्रपंच’चं कुटुंब पहिलं. प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी. आजच्या भाषेत सांगायचं तर ती कौटुंबिक मालिका होती, पण तिच्यात स्वयंपाकघर होतं ते केवळ भांड्याच्या आवाजाचं आणि वहिनींचा राग होता तो केवळ वाक्याच्या शेवटच्या शब्दावर. नीलम प्रभू म्हणजेच करुणा देव, संगीतकार यशवंत देवांच्या पत्नी. लोकांना त्या मीनावहिनी म्हणून माहीत होत्या, तशाच नीलम प्रभू म्हणूनही. आकाशवाणीत श्रुतिकेच्या आधी किंवा नंतर भाग घेणाऱ्यांची नावं वाचून दाखवायचा रिवाज होता. ही साधी सवय पुढे किती मोलाची ठरली, ते थोड्या वेळाने येईल.

आकाशवाणीचं हे पहिलं घराणं. घराणं हा शब्द गाण्यातला, पण इथे शोभतो, कारण या मंडळींचा उच्चार, विराम, माईकपासूनचं अंतर हे सगळं शिकवलेलं आणि पारखलेलं असे. ‘च’ दंत्य की तालव्य यावर तिथे कलाकाराला परत पाठवलं जाई. दूरदर्शनच्या बातम्यांतून घरोघरी पोचलेले प्रदीप भिडे त्याच शिस्तीचे. बातम्यांखेरीज जाहिराती, माहितीपट, सोहळ्यांची निवेदनं यांतून त्यांनी आवाजाचा व्यवसाय कसा करता येतो हे दाखवलं. २०२२मध्ये ते गेले. या घराण्याचा दोषही सांगायला हवा. प्रमाण भाषेवर त्यांची इतकी पकड होती की नगरी, वऱ्हाडी, मालवणी ही बोलणी श्रुतिकेत शेतकऱ्याच्या, गड्याच्या किंवा विनोदी पात्राच्या वाट्याला येत. लेखिकेने हे सौम्य शब्दांत मांडलं आहे. मी नगर जिल्ह्यातला, मला तेवढं सौम्य होता येत नाही. आमच्या बोलीतला माणूस रेडिओवर रडलेला मी फार क्वचित ऐकला, हसवताना मात्र नेहमी.

दुसरं घराणं नकलेचं आणि बाहुल्यांचं. बहुरूपी, सोंगाडे, पिंगळे यांच्यापासून ते थेट यशवंत पाध्यांच्या अर्धवटरावांपर्यंत त्याची वाट येते. यशवंतरावांनंतर रामदास पाध्यांनी अर्धवटरावांना बोलतं ठेवलं. ओठ न हलवता बोलायचं, म्हणजे डबिंगच्या बरोबर उलट. ‘प-फ-ब-भ-म’ ही तीच पाच अक्षरं इथेही छळतात, फक्त इथे ती ओठ न मिटता उच्चारायची असतात. १९९३ साली, शेरखान टीव्हीवर गुरगुरत होता त्याच वर्षी, ‘झपाटलेला’ आला. पाध्यांनी घडवलेला तात्या विंचू दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात बोलला आणि महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने बाहुलीकडे पाठ करून झोपायचं सोडलं. प्रभावळकर हा नट आवाज चेहऱ्यापेक्षा आधी बदलतो. त्यांच्यावरचं लेखन बहुतेक वेशभूषेत अडकतं, म्हणून या पुस्तकातलं त्यांच्या आवाजाचं विवेचन मला विशेष वाटलं. चेतन सशितल यांच्यासारख्या कलाकाराने हीच नकलेची वाट जाहिरात आणि कार्टूनपर्यंत नेली. एका माणसाच्या गळ्यात किती माणसं राहू शकतात याचा तो नमुना आहे.

तिसरं घराणं माहितीपटाचं, आणि त्याच्याशी माझा घरचा संबंध आहे. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली मुंबईत सुरू झालं. सिनेमा सुरू होण्याआधी त्यांची वार्तापत्रं आणि माहितीपट दाखवणं थिएटरांना सक्तीचं होतं. मराठी आवृत्तीत कुडतरकरांचा आवाज अनेकांनी ऐकला असेल. धरणं, लसीकरण, भाताची जपानी पद्धत, सगळं त्या एका घुमाऱ्याच्या निवेदनात. मी राहतो त्या हिवरे बाजारवर असे बरेच माहितीपट झाले. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून गावाने डोंगरउतारावर चर खणले, चराई आणि कुऱ्हाड बंद केली आणि पाऊस किती पडला यावरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून कोणतं पीक घ्यायचं ते ठरवायला सुरुवात केली. ते बघायला कॅमेरे येतात. पडद्यावर चर दिसतात, विहिरी दिसतात, बोलणाऱ्या गावकऱ्याच्या छातीपाशी त्याचं नाव येतं. आणि या सगळ्याला धरून ठेवणारा जो आवाज वीस-पंचवीस मिनिटं चालतो, त्याच्या मालकाचं नाव शेवटच्या पळत्या पाटीत सापडलं तर सापडलं. लेखिका इथे आली तेव्हा तिला तलाव दाखवायची माझी घाई चालली होती आणि ती त्या पाट्यांबद्दल विचारत होती.

चौथं घराणं डबिंगचं. पैसा, वेग आणि आजचा रोजगार सगळा इथे आहे. १९९४ साली ‘जुरासिक पार्क’ हिंदीत आला आणि तुफान चालला. हॉलिवूडला कळलं की भारतात इंग्रजी न येणाऱ्यांच्या खिशातही तिकिटाचे पैसे आहेत. नव्वदीच्या अखेरीस कार्टून वाहिन्या हिंदी बोलू लागल्या. २००४ साली ‘हंगामा’ वाहिनी आली आणि पुढच्या दोन-एक वर्षांत डोरेमॉन, शिनचान ही जपानी मंडळी भारतातल्या घरांत मुक्कामाला आली ती कायमची. हे सगळं काम मुंबईत होत होतं, म्हणून माईकपुढे मराठी माणसं भरपूर होती. गंमत बघा, जपानी पात्रं, मराठी गळे आणि भाषा हिंदी. आमच्या वाडी-वस्तीवरची पोरं शाळेत जायच्या आधी हिंदी शिकतात ती यांच्याकडून. मराठीतली कार्टूनं अलीकडे वाढली आहेत, तरी त्या पोरांच्या खेळातली भांडणं अजून बऱ्याचदा हिंदीतच होतात.

इथे तांत्रिक अंगाने एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, मराठी-हिंदीसारखंच. त्यामुळे जपानी नट वाक्याच्या ज्या टोकाला जोर देतो, तिथेच आपलाही जोर पडू शकतो. इंग्रजीतून आणताना हे टोक हलतं. पण आपल्याकडची संहिता बहुधा जपानीवरून न होता मधल्या इंग्रजी भाषांतरावरून होते. पुण्यात जपानी शिकलेली एवढी मुलं असताना हा वळसा का घालावा, हे मला कळत नाही. दुसरा फरक त्याहून मोठा आहे. जपानमध्ये मालिकेचा भाग ध्वनिमुद्रित करताना सगळे कलाकार एका खोलीत असायचे. तीन-चार माईक लावलेले असत, आणि ज्याचं वाक्य आलं तो पाऊल न वाजवता पुढे सरकून बोलून मागे व्हायचा. कोविडमध्ये हे विस्कटलं, तरी रिवाज तोच. म्हणजे रंगमंचावरच्यासारखं समोरच्याचं ऐकून बोलता येतं. मुंबईत प्रत्येक जण आपापले लूप एकटा करून जातो. नवरा मंगळवारी भांडून गेलेला असतो, बायको शुक्रवारी येऊन त्याला उत्तर देते. तरीही ते भांडण खरं वाटतं, हे मुंबईच्या कलाकारांचं कसब. त्याला दाद कुणी दिलेली मी पाहिली नाही.

मग २०१५ साल आलं. ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला शरद केळकरांचा आवाज होता. ग्वाल्हेरला वाढलेला हा मराठी नट, लहानपणी बोलताना अडखळायचा. त्याच्या आवाजावर हिंदी पट्टा वेडा झाला. २०२१मध्ये ‘पुष्पा’ला श्रेयस तळपदेंचा आवाज मिळाला आणि डबिंगच्या आवाजावर वर्तमानपत्रांत पहिल्यांदाच भरभरून लिहिलं गेलं. मला दोघांचंही काम आवडतं. पण ‘पुष्पा’चा नायक असलेल्या याच अल्लू अर्जुनच्या आधीच्या कित्येक हिंदी डब सिनेमांत संकेत म्हात्रे यांचा आवाज होता. टीव्हीवर दुपारी लागणाऱ्या त्या सिनेमांनीच हिंदी मुलखात त्या नटाची ओळख तयार केली. सिनेमा मोठा झाला की आवाजही ‘नाव’ असलेला लागतो. म्हणजे वर्षानुवर्षं माईकपुढे उभं राहणाऱ्याने जमीन कसायची आणि हंगामात दुसऱ्याने यायचं. तळपदेंचा यात काडीचा दोष नाही. धंद्याची रीतच तशी पडली आहे, आणि लेखिकेने ती कुणाचं उणंदुणं न काढता मांडली आहे.

दक्षिणेत हा विषय आपल्याहून पुढेही आहे आणि गुंतागुंतीचाही. केरळमध्ये डबिंग कलाकाराला राज्य चित्रपट पुरस्कार मिळतो. कर्नाटकात अनेक दशकं कन्नडमध्ये डबिंग करायलाच अलिखित बंदी होती. स्थानिक कलाकारांचं काम जाईल ही त्यामागची भीती. २०१५ साली स्पर्धा आयोगाने तिच्याविरुद्ध निर्णय दिला. मराठीतही डब मालिका आल्या की अशीच ओरड होते. त्या वादात मी कुणा एकाच्या बाजूचा नाही. मात्र मराठी डबिंगला विरोध करताना त्या माईकपुढेही मराठी कलाकारच उभा असतो, हे विसरलं जातं.

आणि आता हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर. यंत्राला काही मिनिटांचा आवाज ऐकवला की ते त्या आवाजात हवं ते बोलतं. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या २६ आवाज-कलाकारांनी, त्यांत यामादेरा कोइची यांच्यासारखे दिग्गज होते, विनापरवाना आवाज वापरण्याविरुद्ध जाहीर मोहीम सुरू केली. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल रोखणारा अंतरिम आदेश दिला. २०२५मध्ये आशा भोसले यांनाही तसंच संरक्षण मिळालं. आशाताईंचा आवाज त्यांचा आहे हे न्यायालयाला पटवायला कुणाचीही साक्ष लागत नाही. आमच्या गावावरच्या माहितीपटाचा निवेदक उद्या न्यायालयात गेला, तर त्याने काय दाखवायचं?

इथे आकाशवाणीची ती नावं वाचायची सवय आठवते. आपल्या स्वामित्व हक्क कायद्यात कलाकाराला ‘परफॉर्मर’ म्हणून काही हक्क आहेत. २०१२च्या दुरुस्तीत चित्रपटांपुरती एक मेख मारून ठेवली आहे. ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला, आपल्या कामाची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क तेवढा वगळता, कलाकार धरायचं नाही. डबिंगचं काम किरकोळ ठरतं का, हा वकिलांनी भांडायचा प्रश्न आहे. पण नाव न देण्याच्या रिवाजाला कायद्याच्या पुस्तकात जागा मिळाली, हे कुठल्याही स्टुडिओतल्या मुलाने वाचून ठेवावं. आपल्याकडे कामाचे पैसे बहुधा एकदाच, हातावर मिळतात. करारावर सही करताना ‘सर्व माध्यमांत, कायमचा’ या तीन-चार शब्दांवरून पेन सरकन पुढे जातं.

लेखिकेने पुस्तकाला कोशाचं रूप दिलेलं नाही. माणसांमागून माणसं येतात, काही दहा पानं घेतात, काही दीड. आकाशवाणीवरचा भाग सगळ्यात भरलेला आहे, कारण ती मंडळी बोलायला उत्सुक होती. डबिंगवाले सावध आहेत, उद्याचं काम ज्यांच्याकडून यायचं त्यांच्याबद्दल कुणी मोकळं बोलत नाही, आणि ते दडपण त्या पानांत जाणवतं. २०१७पासून स्टोरीटेलसारख्या मंचांनी मराठी श्राव्य पुस्तकांना मोठी चालना दिली. त्यांच्या वाचकांवरचं प्रकरण मला तोकडं वाटलं. दहा-बारा तासांची कादंबरी एकट्याने वाचून उभी करणं हा आजच्या मराठीतला आवाजाचा सगळ्यात कठीण पेपर आहे, त्याला अधिक जागा हवी होती. गोव्याच्या कोकणी-मराठी रेडिओचाही उल्लेख धावता आहे. दुसऱ्या आवृत्तीत हे दोन्ही यावं असं मी तिला सांगितलं आहे.

पुस्तकाच्या शेवटी एक सूची आहे. ती पात्रांच्या नावांनी न लावता कलाकारांच्या आडनावांनी लावली आहे, त्यामुळे लहानपणीचा एखादा आवाज शोधायचा तर वाचकाला थोडी उलटसुलट पानं चाळावी लागतील. काही ओळींत पात्र आहे, मालिका आहे, वर्ष आहे आणि नावाच्या जागी रेघ आहे. ती नावं लेखिकेला मिळाली नाहीत. ज्या वाचकांना ठाऊक असतील त्यांनी प्रकाशकांना कळवावीत. जाळ्यावर शोधून मिळालेलं नाव कळवू नये, ते तिने आधीच तपासलेलं आहे. घरातल्या कुणी स्वतः काम केलं असेल, कुणाकडे जुनी पावती, रेकॉर्डिंगची वही किंवा आकाशवाणीचं करारपत्र पडून असेल, तर त्याची प्रत पाठवावी.

हिवरे बाजार,
ता. नगर, जि. अहिल्यानगर